छपरावरच्या डिशमागचा माणूस

एसटीच्या खिडकीत बसून गावी जाताना एकदा मुद्दाम बघा. घर पत्र्याचं असो, कौलारू असो की स्लॅबचं, छपरावर एक डिश दिसतेच. आणि या सगळ्या डिश, कवायतीला उभ्या असल्यासारख्या, आकाशाच्या साधारण एकाच बाजूला तोंड करून असतात. हातातल्या मोबाइलवर मॅच बघणाऱ्या आपल्याला त्यात आता काही विशेष वाटत नाही. पण १९६०च्या दशकात टीव्ही फक्त दिल्लीत दिसायचा. मुंबईलासुद्धा तो १९७२ साली मिळाला. त्या काळात एका माणसानं असा हट्ट धरला होता, की टीव्ही आधी खेड्यात गेला पाहिजे आणि तोही थेट आकाशातून.

या माणसाचं नाव आपल्याला माहीत आहे. २०२३मध्ये चंद्रावर उतरलेल्या आपल्या लँडरचं नाव ‘विक्रम’ होतं, ते त्यांच्याच आठवणीत. डॉ. विक्रम साराभाई. इस्रो, रॉकेट, थुंबा हे सगळं स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. टीव्हीची गोष्ट मात्र त्यात एका ओळीत उरकलेली असते.

मालकाच्या घरातली शाळा

विक्रमचा जन्म १२ ऑगस्ट १९१९चा, अहमदाबादचा. वडील अंबालाल हे कॅलिको मिलचे मालक. घर कसलं, बागबगीच्यांचा मोठा बंगलाच. गांधीजी, रवींद्रनाथ टागोर, पंडित नेहरू यांच्यासारख्यांची तिथे ये-जा असायची. आई सरलादेवी आणि अंबालाल यांनी मुलांसाठी घरातच शाळा काढली होती. त्या शाळेत एकच नियम होता म्हणायला हरकत नाही: मुलाला जे करून बघावंसं वाटेल, ते त्याला करू द्यायचं.

पण या घराची खरी गंमत वेगळीच आहे. विक्रमच्या जन्माच्या आदल्याच वर्षी अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. मालकांच्या बाजूनं अंबालाल उभे होते आणि कामगारांच्या बाजूनं गांधीजींसोबत उभ्या होत्या अंबालालांच्या सख्ख्या बहीण, अनसूयाबेन. एकाच कुटुंबात मालकही आणि कामगारांची नेताही! अशा घरात वाढलेल्या मुलाला लहानपणीच एवढं कळलं असणार, की कुठल्याही गोष्टीकडे समोरच्या बाजूनंही बघता येतं.

पुढे विक्रम केंब्रिजला गेला. १९४०मध्ये तिथली पदवी घेतली, पण दुसरं महायुद्ध पेटलेलं असल्यानं त्याला परत यावं लागलं. मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास सुरू झाला. त्याच संस्थेत तेव्हा होमी भाभाही होते. बंगळूरलाच मृणालिनी स्वामिनाथन या नर्तिकेशी ओळख झाली आणि १९४२मध्ये लग्न. युद्ध संपल्यावर पुन्हा केंब्रिज, १९४७मध्ये पीएचडी, आणि देश स्वतंत्र होत असताना २८ वर्षांचे विक्रमभाई अहमदाबादला परत आले.

आपल्यापैकी बरेच जण २८व्या वर्षी पहिली-दुसरी नोकरी बदलायच्या विचारात असतात. विक्रमभाईंनी त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे आजची पीआरएल, सुरू केली. तीही एका कॉलेजच्या दोन-चार खोल्यांमध्ये. कापड गिरण्यांसाठी ‘अटिरा’ ही संशोधन संस्था उभी करण्याचं कामही त्याच सुमारास अंगावर घेतलं. कापडातलं तांत्रिक शिक्षण नसताना! पुढे १९६१मध्ये अहमदाबादचं आयआयएम उभं राहिलं, त्यातही त्यांचा पुढाकार होता. त्याआधी बडोद्याला त्यांनी बाजारपेठेचा अभ्यास करणारी एक संस्था काढली होती. लोकांना काय हवंय, काय आवडत नाही, हे त्यांना विचारून, मोजून, मगच ठरवायचं, ही तिथली पद्धत. ही सवय त्यांनी पुढे अवकाश कार्यक्रमातही नेली.

चर्चमधलं अवकाश केंद्र

१९६२मध्ये भारताची अवकाश संशोधन समिती स्थापन झाली आणि तिचं अध्यक्षपद विक्रमभाईंकडे आलं. रॉकेट सोडायला जागा हवी होती. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त केरळमधल्या थुंबा या मच्छीमारांच्या गावाजवळून जातं, म्हणून ती जागा निवडली. तिथे एक चर्च होतं. बिशपांनी आणि गावकऱ्यांनी ते विज्ञानासाठी देऊन टाकलं. चर्चमध्ये कार्यालय आणि कार्यशाळा थाटली गेली, रॉकेटचे भाग सायकलवरून नेले गेले आणि २१ नोव्हेंबर १९६३ला संध्याकाळी पहिलं रॉकेट उडालं. ते रॉकेट अमेरिकेनं दिलेलं होतं. उडवणाऱ्यांमध्ये नुकतेच तिशीत आलेले अब्दुल कलाम होते, पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते. आणि विक्रमभाईंचे उजवे हात म्हणावेत असे एकनाथ चिटणीस होते, मूळचे कोल्हापूरचे.

तेव्हाही प्रश्न विचारले जात होतेच. दुष्काळ पडतोय, धान्य बाहेरून आणावं लागतंय आणि यांना रॉकेट कशाला हवीत? प्रश्न चुकीचा नव्हता. विक्रमभाईंनी तो टाळलाही नाही. चंद्रावर जाण्यात श्रीमंत देशांशी शर्यत लावायची नाही, पण लोकांच्या रोजच्या अडचणी सोडवणारं तंत्रज्ञान असेल तर त्यात कुणाच्याही मागे राहायचं नाही, अशी त्यांची स्पष्ट भूमिका होती. मग अवकाशातून सोडवता येईल अशी खेड्यातली अडचण कोणती? त्यांचं उत्तर होतं, माहिती.

मुंबई आधी की खेडं आधी?

इथे जरा तंत्रज्ञान समजून घेऊ. टीव्हीचे सिग्नल सरळ रेषेत जातात. त्यामुळे एका मनोऱ्यावरून ते काही दहा किलोमीटरच पोचतात. मध्ये डोंगर आला की संपलं. असे मनोरे उभारत देश झाकायचा तर साहजिकच आधी मोठी शहरं, मग जिल्हे आणि सगळ्यात शेवटी आदिवासी पाडे. हा क्रम कुणी मुद्दाम ठरवावा लागत नाही, तो आपोआपच ठरतो.

उपग्रहाचं गणित उलटं असतं. विषुववृत्ताच्या वर साधारण ३६,००० किलोमीटरवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला तो एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. (आपल्या डिश एका बाजूला तोंड करून का असतात, याचं उत्तर इथेच आहे.) त्याच्या नजरेत दिल्ली आणि गडचिरोलीचं जंगल एकाच वेळी असतात. त्याच्यासाठी जवळचं-लांबचं असं काही नसतंच.

विक्रमभाईंना हेच भावलं. १९६७च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांमध्ये सार्वजनिक टीव्ही ठेवून ‘कृषी दर्शन’ सुरू झालं, त्यामागे त्यांचाही पुढाकार होता. शेतकरी टीव्ही बघून काही शिकतात का, हे आधी छोट्या प्रमाणात तपासायचं होतं. त्याच वर्षी अहमदाबादला उपग्रहाशी संपर्क साधणारं प्रायोगिक भूकेंद्र उभं राहिलं. १९६९मध्ये दिल्लीतल्या एका परिषदेत त्यांनी आपला सगळा युक्तिवाद मांडला. त्याचा आशय असा, की टीव्ही फक्त शहरात आला तर शहराचं आकर्षण आणखी वाढेल आणि खेडी आणखी मागे पडतील. त्यामुळे सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करायला हवी.

१५ ऑगस्ट १९६९ला इस्रोची स्थापना झाली आणि महिनाभरातच, १८ सप्टेंबरला, अमेरिकेच्या नासाशी करार झाला. नासाचा एक उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला मिळणार होता. उपग्रह त्यांचा, जमिनीवरची यंत्रणा, टीव्ही संच आणि कार्यक्रम सगळे आपले. या प्रयोगाचं नाव ‘साइट’.

अर्धवट राहिलेलं वर्ष

१९६६च्या जानेवारीत होमी भाभा विमान अपघातात गेले होते. त्यानंतर अणुऊर्जा आयोगाची धुराही विक्रमभाईंच्या खांद्यावर आली होती. अणुऊर्जा मुंबईत, प्रयोगशाळा अहमदाबादेत, रॉकेट केरळात, सरकार दिल्लीत. माणूस सतत विमानात. एकटा माणूस एवढी कामं कशी सांभाळणार, अशी टीकाही व्हायची.

१९७१च्या डिसेंबरअखेर ते थुंब्याच्या कामासाठी केरळात होते. ३० डिसेंबरच्या रात्री कोवळमच्या मुक्कामी झोपेतच त्यांचं निधन झालं. वय फक्त ५२.

साइटचा उपग्रह तेव्हा अजून जमिनीवरच होता. ज्या टीव्हीसाठी एवढा आटापिटा केला, त्यावरचा एकही कार्यक्रम त्यांनी पाहिला नाही. परदेशाशी उपग्रहामार्फत संपर्क साधण्यासाठी पुणे जिल्ह्यात आर्वीला जे भूकेंद्र उभं राहिलं, त्याला ‘विक्रम’ हे नाव द्यायची वेळ आली.

मग त्यांच्या माणसांनी काम पुढे नेलं. अहमदाबादच्या केंद्रात प्रा. यशपाल आणि साइटच्या कार्यक्रमांची जबाबदारी घेतलेले एकनाथ चिटणीस ही त्यातली मुख्य नावं. ‘एटीएस-६’ हा उपग्रह मे १९७४मध्ये उडाला. त्याची अवकाशात उघडणारी छत्री नऊ मीटर व्यासाची होती. वरची छत्री मोठी आणि सिग्नल जोरदार असला की जमिनीवरची डिश लहान आणि स्वस्त चालते, हे यातलं सूत्र. म्हणून आपल्या इंजिनीअरांनी तीन मीटरच्या डिशसाठी काय वापरलं असेल? खुराड्याला लावतात ती कोंबड्यांची जाळी! वीज नव्हती अशा काही गावांत संच बॅटरीवर चालवले.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं. (महाराष्ट्र त्यात नव्हता.) गावं निवडताना मागासलेले जिल्हे मुद्दाम घेतले होते. रोज चार तास कार्यक्रम: सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी शेती, आरोग्य आणि थोडी करमणूक. चित्र एकच, पण आवाजाच्या दोन वाटा. त्यामुळे एकच कार्यक्रम एकाच वेळी दोन भाषांत ऐकता यायचा. आज आपण मोबाइलवर ऑडिओची भाषा बदलतो ना, तसंच काहीसं. रेल्वेसुद्धा न पाहिलेल्या लोकांनी त्या वर्षी टीव्ही पाहिला.

दरम्यान समाजशास्त्राचे अभ्यासक काही गावांत मुक्काम ठोकून होते. लोक काय बघतात, कधी उठून जातात, काय लक्षात ठेवतात, याच्या नोंदी चालू होत्या. अवकाश कार्यक्रमात इंजिनीअरांच्या जोडीला असे लोक असणं, ही विक्रमभाईंची मागे राहिलेली सवय. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात तर पुढची पायरी गाठली गेली. पीज या गावच्या छोट्या केंद्रासाठी गावकऱ्यांच्याच प्रश्नांवर, त्यांनाच सोबत घेऊन कार्यक्रम बनू लागले.

टीव्हीनं ऐकायचं कधी?

वर्ष संपलं आणि ठरल्याप्रमाणे उपग्रह परत गेला. हजारो पडदे काळे झाले. आपला स्वतःचा ‘इन्सॅट-१बी’ १९८३मध्ये कामाला लागला आणि देशभर टीव्ही पसरला. पण तोवर क्रम पुन्हा सुलटा झाला होता: आधी शहरं, मालिका आणि जाहिराती, मग उरलेल्या वेळात शेती. विक्रमभाईंचं तंत्रज्ञान जिंकलं, पण त्यांचा प्राधान्यक्रम हरला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

पूर्ण हरला असंही नाही. नव्वदच्या दशकात मध्य प्रदेशातल्या झाबुआ या आदिवासी जिल्ह्यात इस्रोनं उपग्रहाद्वारे असे कार्यक्रम दाखवले, ज्यांत गावातला माणूस स्टुडिओतल्या तज्ज्ञाला उलट प्रश्न विचारू शकत होता. २००४मध्ये फक्त शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ सोडला गेला, तोही याच वाटेवरचा. आज लाइव्ह लेक्चरच्या चॅटमध्ये आपण शंका टाकतो, तेव्हा त्याच जुन्या कल्पनेचं सुधारलेलं रूप वापरत असतो: पडद्यानं नुसतं बोलायचं नाही, ऐकायचंही.

लॉकडाऊनमध्ये रेंज मिळावी म्हणून डोंगरावर जाऊन ऑनलाइन लेक्चरला बसलेली कोकणातली मुलं आठवतात? पुण्या-मुंबईत फोर-जी होतंच की तेव्हा. म्हणजे शेवटच्या घराचा नंबर अजूनही शेवटीच लागतो. तुमच्यातलं कुणी उद्या अ‍ॅप बनवेल, कुणी नेटवर्कमध्ये काम करेल, कुणी व्हिडिओ करून लाखो लोकांपर्यंत जाईल. तेव्हा सुरुवात कुठल्या टोकाकडून करायची, हे ठरवायची वेळ येईल. विक्रमभाईंनी ते १९६९मध्येच ठरवलं होतं, आणि तेही स्वतः बंगल्यात वाढलेले असताना.

पुढच्या वेळी एसटीतून जाताना एखाद्या वस्तीतलं अगदी टोकाचं घर शोधा. छपरावर डिश दिसली, तर त्यांची आठवण काढायला हरकत नाही.