बेंजामिन ग्रॅहम : निम्मे शेअर, निम्मे रोखे सांगणारा मास्तर

नोकरीतून निवृत्त झालं की पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा पैसा एकदम खात्यात येतो. मग बेळगाव असो, मडगाव असो की इंदूर, सल्ले देणाऱ्यांची घरी रीघ लागते. कुणी सगळं एफडीत टाकायला सांगतं, कुणी दोन टक्के जास्त व्याज देणारी सोसायटी सुचवतं, तर मुलगा मोबाईलवर वर चढलेला शेअर दाखवतो. तिघांचंही म्हणणं एकच असतं, सगळा पैसा एकाच जागी ठेवा. असं करू नये हे ज्यांनी आयुष्यभर शिकवलं, त्या बेंजामिन ग्रॅहम यांची ही गोष्ट. वॉरन बफे यांचे गुरू म्हणून जग त्यांना ओळखतं. पण त्यांचा नियम हुशारीतून कमी आणि घरावर आलेल्या वाईट दिवसांतून जास्त आला होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आईचे पैसे बुडाले

बेंजामिन यांचा जन्म ९ मे १८९४ रोजी लंडनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. मूळ आडनाव ग्रॉसबॉम. पुढं पहिल्या महायुद्धाच्या काळात घरच्यांनी ते बदलून ग्रॅहम केलं. वडिलांचा चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापार होता. बेन एक वर्षाचा असताना कुटुंब न्यूयॉर्कला आलं. सुरुवातीला घरात सुबत्ता होती, नोकरचाकर होते. १९०३ मध्ये वडील गेले. तीन मुलगे, त्यांत बेन सगळ्यात धाकटा. धंदा बसला. आईनं घरात पैसे देणारे पाहुणे ठेवून संसार चालवायचा प्रयत्न केला, तोही जमला नाही.

मग तिनं उरलेल्या पैशांतून शेअर घेतले, तेही मार्जिनवर, म्हणजे थोडे आपले आणि बाकीचे उसने. १९०७ मध्ये अमेरिकेत बँकांवर संकट आलं, बाजार कोसळला आणि तिची पुंजी गेली. त्या दिवसांतली एक आठवण बेन म्हातारपणापर्यंत विसरले नाहीत. आईचा चेक घेऊन ते बँकेत गेले होते. खिडकीवरच्या कारकुनानं सगळ्यांसमोर चौकशी केली, की ह्या बाईच्या खात्यावर पाच डॉलर द्यायला हरकत नाही ना. पैसा गेला की सोबत पतही जाते, हे पोराला तेव्हाच कळलं.

प्राध्यापकी सोडून वॉल स्ट्रीटवर

शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९१४ मध्ये वरच्या क्रमांकानं पदवीधर झाले. इंग्रजी, तत्त्वज्ञान आणि गणित अशा तीन विभागांनी त्यांना शिकवायला बोलावलं. वय फक्त वीस. पण घरात पैशाची नड होती. ते वॉल स्ट्रीटवरच्या एका दलाली पेढीत लागले. सुरुवात शेअरपासून नाही, रोखे विभागापासून झाली, आठवड्याला १२ डॉलर पगारावर.

रोखा घेणारा माणूस कंपनीकडं सावकाराच्या नजरेनं बघतो. कर्ज फिटेल का, व्याज द्यायला कमाई पुरते का, उद्या कंपनी बंद पडली तर हाती काय लागेल? ग्रॅहम हीच नजर घेऊन शेअर तपासायला लागले. त्या काळात बहुतेक लोक कानावर आलेल्या बातमीवर शेअर घ्यायचे. हे मात्र हिशेबाची कागदपत्रं वाचायचे.

१९२६ मध्ये असंच एक घबाड त्यांना सापडलं. नॉर्दर्न पाइपलाइन ही तेल वाहून नेणारी कंपनी. तिचा शेअर ६५ डॉलरच्या आसपास मिळत होता. वॉशिंग्टनच्या सरकारी दप्तरात जाऊन त्यांनी अहवाल चाळले, तर कंपनीजवळ रेल्वेचे रोखे आणि तत्सम गुंतवणूक मिळून प्रत्येक शेअरमागं ९५ डॉलर निघत होते. कंपनीच्या धंद्याला त्यांची गरज नव्हती. ग्रॅहम यांनी शेअर जमवले, इतर भागधारकांची मतं गोळा केली, संचालक मंडळात शिरले आणि शेवटी कंपनीला शेअरमागं ७० डॉलर वाटायला लावले.

म्हाताऱ्याचा सल्ला ऐकला नाही

इथवर सगळं चढतीचं. १९२९ च्या सुरुवातीला ग्रॅहम यांच्या हाताखाली लोकांचे २५ लाख डॉलर होते. त्याच जानेवारीत फ्लोरिडात त्यांची गाठ जॉन डिक्स नावाच्या ९३ वर्षांच्या निवृत्त व्यापाऱ्याशी पडली. म्हाताऱ्यानं किती पैसे सांभाळता, किती उसने घेतलेत, असं सगळं खोदून विचारलं. मग सगळे शेअर विकून, कर्ज फेडून, लोकांचे पैसे परत करायला सांगितलं. ग्रॅहम यांनी आभार मानले आणि ते विसरून गेले.

ऑक्टोबरमध्ये बाजार पडला. त्या वर्षी ग्रॅहम यांच्या फंडाला २०% तोटा झाला. इतरांच्या मानानं तो कमी होता, आणि तिथंच घात झाला. आता वाईट संपलं असं समजून त्यांनी उसन्या पैशांसह पुन्हा खरेदी केली. म्हणजे आईनं जी चूक केली होती, तीच. १९३० मध्ये ५०% गेले. पुढच्या वर्षी १६%, १९३२ मध्ये आणखी ३%. शंभरातले सुमारे सदुसष्ट डॉलर बुडाले. नुकतंच घेतलेलं महागडं दोन मजली घर सोडावं लागलं.

अमेरिकेच्या डाऊ निर्देशांकाचंही बघा. सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर असलेला निर्देशांक जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. तो परत ३८१ ला पोचायला नोव्हेंबर १९५४ उजाडलं. पंचवीस वर्षं! ज्याचं वय तेव्हा साठ होतं आणि सगळा पैसा शेअरमध्ये होता, त्यानं काय करायचं?

ग्रॅहम पळाले नाहीत. करार असा होता की लोकांचा तोटा भरून निघेपर्यंत त्यांना मोबदला मिळणार नव्हता. सुमारे पाच वर्षं त्यांनी फुकट काम केलं आणि १९३५ च्या अखेरीस तोटा भरून काढला.

पंचवीस ते पंचाहत्तर

ह्या पडझडीतच ते कोलंबियात संध्याकाळचे वर्ग घेत होते. सहकारी डेव्हिड डॉड यांच्यासोबत १९३४ मध्ये त्यांनी ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ हा जाडजूड ग्रंथ काढला. तो जाणकारांसाठी होता. साध्या माणसासाठीचं ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ १९४९ मध्ये आलं, आणि आपल्या कामाचा नियम त्यात आहे.

नियम सोपा. साधारण निम्मे पैसे चांगल्या शेअरमध्ये, निम्मे चांगल्या रोख्यांत. बाजार स्वस्त वाटला तर शेअरचा वाटा वाढवा, पण ७५ टक्क्यांच्या वर नको. महाग वाटला तर कमी करा, पण २५ टक्क्यांच्या खाली नको. शेअर घ्यायचे ते मोठ्या, कर्ज बेताचं असलेल्या, वर्षानुवर्षं लाभांश देणाऱ्या कंपन्यांचे. किमान दहा, फार तर तीस.

आपल्या रुपयांत बघू. दहा लाखांतले पाच शेअरमध्ये, पाच रोख्यांत. शेअर वाढून सहा लाख झाले, तर पन्नास हजारांचे विकून रोख्यांत टाका, म्हणजे दोन्हीकडं साडेपाच. शेअर पडून चार लाख झाले, तर रोख्यांतले पन्नास हजार काढून शेअर घ्या, दोन्हीकडं साडेचार. सगळे हर्षानं घेत असतात तेव्हा तुम्ही थोडं विकता, सगळे घाबरून विकतात तेव्हा थोडं घेता. आपलं मन त्या क्षणी नेमकं उलटं करायला सांगतं, म्हणून नियम आधीच ठरवून ठेवायचा. १९३० मध्ये स्वतःच्या मनानं दिलेला दगा ग्रॅहम विसरले नव्हते.

रोखे पडझडीत आधार देतात आणि नियमित व्याज देतात. पण महागाई वाढली की त्या व्याजाची किंमत घटते, तिथं शेअरची मदत होते. शेअर दरवेळी महागाईला पुरून उरतात असंही नाही, हेही ते स्पष्ट सांगत. दोन्ही बाजूंना कमतरता आहे म्हणून तर दोन्ही ठेवायचे.

नियम मोडला, तोही कबूल केला

१९४८ मध्ये मात्र त्यांनी स्वतःचाच शिरस्ता मोडला. गायको ह्या वाहन विमा कंपनीचा निम्मा हिस्सा घेताना फंडाचा सुमारे पाचवा भाग एकाच ठिकाणी घातला. त्या एका सौद्यानं पुढं इतका नफा दिला की वीस वर्षांच्या बाकी सगळ्या सौद्यांची बेरीज मागं पडली. पुस्तकाच्या १९७३ च्या आवृत्तीत त्यांनी हे प्रामाणिकपणे लिहिलं आणि त्यात नशिबाचा वाटा होता हेही मान्य केलं. अन् तीच गायको १९७६ मध्ये दिवाळखोरीच्या काठावर जाऊन कशीबशी वाचली.

१९५६ मध्ये फंड बंद करून ते कॅलिफोर्नियाला गेले. तिथं विद्यापीठात बिनपगारी शिकवलं. घरसंसार सरळ नव्हता, तीन लग्नं झाली. लॅटिन आणि ग्रीक साहित्याचं वेड शेवटपर्यंत राहिलं. उरुग्वेचे लेखक मारिओ बेनेदेत्ती यांच्या एका स्पॅनिश कादंबरीचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९६९ मध्ये आला. त्या कादंबरीचा नायक निवृत्तीला टेकलेला कारकून आहे. २१ सप्टेंबर १९७६ रोजी फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँस इथं, वयाच्या ८२ व्या वर्षी ग्रॅहम गेले.

त्यांचे आकडे अमेरिकेतले आहेत, जसेच्या तसे आपल्याला लागू होतील असं नाही. ज्याला पेन्शन आहे त्याचा हिशेब वेगळा, ज्याला नाही त्याचा वेगळा. पण वही घेऊन दोन रकाने आखायला काय हरकत आहे? एकात शेअर आणि इक्विटी फंड, दुसऱ्यात सरकारी रोखे, पीपीएफ, बँकेतल्या ठेवी. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागं पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे दुसरा रकाना भरताना ध्यानात ठेवा. शेजारी आजची टक्केवारी लिहा आणि खाली तुम्हाला झेपेल ती किमान व कमाल मर्यादा. पुढच्या वर्षी त्याच तारखेला वही परत उघडा. मधल्या काळात घरी येणाऱ्या सल्लागारांना चहा द्या, पैसे नकोत.