आजोळचा तबेला

मुलांनो, तुमच्यापैकी काहीजण माथेरानला किंवा महाबळेश्वरला सहलीला गेले असतील आणि तेथे घोड्यावर बसले असतील. काहींनी लग्नाच्या वरातीत सजवलेला घोडा पाहिला असेल. लगाम, जीन, नाल, तबेला हे मराठी शब्द तर तुम्हांला उर्दूमुळेही ओळखीचे आहेत. पण घोड्याला काय वाटत असेल, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? लगामाची लोखंडी कडी त्याच्या तोंडात टोचते का? चाबूक बसला की त्याला राग येतो की दुःख होते? दमूनभागून तबेल्यात परतल्यावर त्याला कशाची आठवण होत असेल?

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका बाईने या प्रश्नांचा फार मनापासून विचार केला. तिने आयुष्यात एकच पुस्तक लिहिले आणि ते जगभर वाचले गेले. तिचे नाव ॲना स्यूएल. तिने घोड्यांवर एवढे प्रेम का केले, ते आता पाहू.

ॲनाचा जन्म ३० मार्च १८२० रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रेट यारमथ या गावी झाला. तिच्या पाठीवर फिलिप नावाचा भाऊ होता. हे कुटुंब क्वेकर पंथाचे होते. या पंथाचे लोक साधेपणाने राहत, भांडणतंटा टाळत आणि दुबळ्यांना मदत करणे हे आपले कर्तव्य मानत. ॲनाच्या वडिलांना धंद्यात यश आले नाही. घरात पैशांची ओढाताण असे आणि बिऱ्हाड वरचेवर बदलावे लागे. ॲना लहान असतानाच हे कुटुंब लंडनला राहायला गेले. शाळेची फी परवडत नसल्यामुळे आई मेरी हिने बरीच वर्षे दोन्ही मुलांना घरीच शिकवले. झाडे, पाने, किडे, पाखरे यांच्याकडे नीट पाहावे आणि कोणत्याही जिवाला दुखवू नये, हा तिचा पहिला धडा असे.

लंडनमधील घर लहान होते. पण ॲनाला आणि फिलिपला एक मोठे सुख होते, ते म्हणजे आजोळ. नॉरफोक परगण्यातील बक्स्टन या खेड्यात त्यांच्या आजोळची शेती होती. सवड मिळाली की आईवडील दोघा मुलांना तिकडे पाठवत. शहराच्या धुराऐवजी तेथे मोकळी शेते होती, झाडे होती आणि घोडे होते. याच ठिकाणी ॲना घोड्यावर बसायला शिकली.

त्या काळी मुलींना घोड्यावर मुलांसारखे बसण्याची मुभा नव्हती. त्यांच्यासाठी वेगळे जीन असे. दोन्ही पाय घोड्याच्या एकाच बाजूला घेऊन, लांब घागरा सावरत बसावे लागे. अशा बैठकीत दोन्ही टाचांनी घोड्याला इशारा देता येत नाही. तोल सांभाळायचा आणि हलक्या हाताने, आवाजाने त्याला समजावत न्यायचे, असे ते कौशल्य होते. लगाम खेचला की घोड्याच्या तोंडाला इजा होते. म्हणून चांगला स्वार लगाम ओढत नाही, तो नुसता हाती धरतो. घोडा आपल्यावर विश्वास ठेवतो तेव्हाच आपले ऐकतो, ही गोष्ट ॲनाला लहानपणीच समजली. आजोळच्या तबेल्यातील हा धडा ती कधी विसरली नाही.

ॲना बारा वर्षांची झाल्यावर शाळेत जाऊ लागली. शाळा तिला आवडली. पण हा आनंद फार काळ टिकला नाही. १८३४ साली, चौदा वर्षांची असताना, एके दिवशी शाळेतून घरी येताना तिला पावसाने गाठले. ती धावत निघाली आणि घराजवळ येताच पाय घसरून पडली. तिच्या दोन्ही घोट्यांना जबर दुखापत झाली. त्या काळच्या वैद्यांना तिच्यावर योग्य उपचार करता आले नाहीत. काठीच्या आधाराशिवाय तिला उभे राहता येईना. लांब चालणे तर कायमचेच बंद झाले. पुढे हवापालट म्हणून हे कुटुंब समुद्रकाठच्या ब्रायटन शहरी गेले. उपचारांसाठी तिला परदेशीही नेले. काही दिवस बरे वाटे, पुन्हा पाय दुखू लागत.

मुलांनो, चौदा वर्षांची मुलगी म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाची. खेळणे, धावणे, मैत्रिणींबरोबर हिंडणे सगळे एका दिवसात संपले. अशा वेळी ॲनाच्या मदतीला आली ती आजोळी शिकलेली विद्या. तिला चालता येत नव्हते, पण घोडा हाकता येत होता. लहानशा घोडागाडीत बसली की ती कोणाच्याही मदतीशिवाय हवे तेथे जाऊ शकत असे. पुढे हे कुटुंब लॅन्सिंग या गावी राहू लागले. तेव्हा ॲना वडिलांना गाडीने रेल्वे स्टेशनवर पोहोचवत असे आणि संध्याकाळी परत आणत असे. घोड्याचे चार पाय हेच आता तिचे पाय झाले.

ती घोडा कसा हाकत असे, हे एका परिचित बाईंनी लिहून ठेवले आहे. लगाम तिच्या हातात सैल असे. चाबकाचा तर प्रश्नच नव्हता. चढ आला, वळण आले, की ती घोड्याशी एखाद्या माणसाशी बोलावे तशी बोले आणि घोडा तिचे ऐके.

पण रस्त्यावर ॲनाला दुसरेही दृश्य दिसत असे. त्या काळी इंग्लंडमध्ये आगगाड्या सुरू झाल्या होत्या. तरीही स्टेशनापासून घरापर्यंत माणसे आणि माल घोडेच वाहून नेत. गाड्यांवर वाटेल तेवढे ओझे लादले जाई. घोडे थकून पडले तरी चाबकाचे फटके थांबत नसत. श्रीमंतांच्या घोड्यांचे हाल वेगळेच होते. घोड्याची मान सदैव ताठ आणि उंच दिसावी म्हणून त्याचे डोके मागे खेचून धरणारा एक पट्टा आवळून बांधण्याची तेव्हा पद्धत होती. चढावर ओझे ओढताना घोड्याला डोके खाली घालून जोर लावावा लागतो. या पट्ट्यामुळे ते अशक्य होई. त्याची मान अवघडे आणि श्वास कोंडे. आणि हे सारे कशासाठी? तर गाडीचा डौल दिसावा म्हणून! ज्या प्राण्याने आपल्याला पाय दिले, त्याचे हे हाल ॲनाला पाहवत नसत.

ॲनाची आई साठ वर्षांच्या सुमारास लेखिका म्हणून प्रसिद्ध झाली. ती मुलांसाठी आणि साध्या कामकरी लोकांसाठी सोप्या कविता लिहीत असे. लिहिलेले प्रथम ॲनाला वाचून दाखवी आणि ॲना त्यातील चुका निर्भीडपणे सांगे. ब्रिस्टलजवळच्या विक या खेड्यात असताना मायलेकींनी कामगारांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले आणि त्यांना लिहायला-वाचायला शिकवले. कष्टकरी माणसे कशी जगतात आणि कोणत्या भाषेत सांगितलेले त्यांना पटते, हे ॲनाला येथे कळले.

१८६७ साली हे कुटुंब पुन्हा नॉरफोकमध्ये, नॉर्विच शहराजवळच्या ओल्ड कॅटन या गावी परतले. फिलिप नॉर्विचला राहत होता. त्याची पत्नी मरण पावली होती आणि पदरी सात मुले होती. त्यांना आत्याचा आणि आजीचा आधार मिळाला. पण ॲनाची प्रकृती आता फारच ढासळली. १८७१ पासून ती घरातच अडकली. बहुतेक वेळ ती कोचावर पडून असे. गाडी हाकणे थांबले. घोड्यांचा सहवास संपला.

त्याच वर्षी तिच्या रोजनिशीत एक लहानशी नोंद आढळते. नाताळसाठी बाहुल्या तयार करत असतानाच आपण एका घोड्याची जीवनकथा लिहीत आहोत, असे तिने त्यात नमूद केले आहे. हे लिहिणे सोपे नव्हते. आजारपणामुळे महिनेच्या महिने लेखणी हातात धरता येत नसे. थोडे बरे वाटले की ती कागदाच्या चिटोऱ्यांवर पेन्सिलीने चार ओळी लिही. आई तो कागद लगेच घेई आणि स्वच्छ अक्षरात उतरून काढी. अशा रीतीने पुस्तक पुरे व्हायला सहा वर्षे लागली. पुस्तकाचे नाव होते ‘ब्लॅक ब्यूटी’.

या पुस्तकात घोडा स्वतःच आपली कहाणी सांगतो. त्याचा पहिला मालक त्याला प्रेमाने शिकवतो. जीन आणि लगाम यांची हळूहळू सवय करतो. नंतर तो एका जमीनदाराच्या घरी जातो. तेथील तबेला मोठा, हवेशीर आणि उजेडाचा आहे. मोतद्दार मायाळू आहे. मेरीलेग्ज नावाचे तट्टू आणि जिंजर नावाची घोडी त्याचे सोबती होतात. पण घर बदलते आणि दिवस पालटतात. एका मालकाकडे मानेला तो पट्टा आवळला जातो. दारूच्या नशेतील एक माणूस निसटत्या नालेकडे लक्ष न देता त्याला दगडी रस्त्यावरून दौडवतो आणि त्याचे गुडघे फुटतात. एक मोतद्दार तबेला साफ करत नाही, म्हणून त्याचे खूर दुखू लागतात. एका ठिकाणी तबेला इतका अंधारा असतो, की बाहेर येताच त्याचे डोळे दिपून जातात. लंडनमध्ये तो भाड्याच्या गाडीला जुंपला जातो. तेथे त्याला भला गाडीवानही भेटतो आणि निर्दयही.

ॲनाने सगळा दोष गाडीवानांच्या माथी मारला नाही. गाडीचे भाडे चुकते करून मुलाबाळांचे पोट भरायचे, म्हणून कित्येक गाडीवान मनात नसतानाही घोड्याला पळवतात, हे तिने दाखवले. काही माणसे दुष्टपणाने नव्हे तर अज्ञानाने घोड्याला इजा करतात, हेही तिने सांगितले. दौडून घामाघूम झालेल्या घोड्याला एक लहान मुलगा थंड पाणी पाजतो आणि त्याच्या अंगावर कांबळेही घालत नाही. त्याचा हेतू चांगला असतो, पण घोडा मरता मरता वाचतो. हाच मुलगा मोठा होतो, जाणता होतो आणि म्हातारपणी त्या घोड्याचा सांभाळ करतो. गोष्टीच्या शेवटी घोड्याला विसावा मिळतो. तरीही अर्धवट झोपेत त्याला वाटत राहते, की आपण अजून त्या जुन्या घरी सफरचंदाच्या झाडांखाली आपल्या सोबत्यांबरोबर उभे आहोत. कोचावर खिळलेल्या ॲनालाही आपले आजोळ असेच आठवत असेल का? तुम्हांला काय वाटते?

२४ नोव्हेंबर १८७७ रोजी नॉर्विचच्या जॅरोल्ड या प्रकाशन संस्थेने हे पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हा ॲना सत्तावन्न वर्षांची होती. पुस्तकाचे स्वागत होऊ लागलेले तिने पाहिले. पण पुढचे यश पाहणे तिच्या नशिबी नव्हते. अवघ्या पाच महिन्यांनी, २५ एप्रिल १८७८ रोजी, तिचे निधन झाले. बक्स्टनजवळच्या लामस या गावी, म्हणजे आजोळच्याच परिसरात, तिला दफन करण्यात आले. असे सांगतात, की अंत्ययात्रेच्या गाडीचे घोडे दारात आले तेव्हा त्यांच्या माना त्याच पट्ट्यांनी आवळलेल्या होत्या. आईने ते पाहिले आणि आधी सगळे पट्टे काढायला लावले. मगच ॲनाची शेवटची यात्रा निघाली.

ॲनाने हे पुस्तक घोड्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी लिहिले होते. १८९० साली अमेरिकेत जॉर्ज एंजेल या प्राणिमित्राने ते छापले आणि त्याच्या असंख्य प्रती गाडीवानांना व तबेल्यांतील नोकरांना वाटल्या. अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली. जगभर त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. मानेला पट्टा आवळण्याच्या प्रथेविरुद्ध लोकमत तयार झाले आणि हळूहळू ती मागे पडली.

ॲनाच्या भाचीने १९१७ साली नॉर्विच शहरात आत्याच्या स्मरणार्थ घोड्यांसाठी पाण्याची एक डोणी बांधली. तहानलेल्या घोड्याने यावे आणि मान खाली घालून पोटभर पाणी प्यावे, यासाठी ती होती. मान खाली घालण्याची ही मोकळीक घोड्यांना मिळावी, म्हणूनच तर ॲनाने लेखणी हाती घेतली होती.

मुलांनो, तुमच्या दारात घोडा नसेल. पण हातगाडीला जुंपलेले गाढव असेल, खाटकाच्या दुकानापाशी घुटमळणारे कुत्रे असेल, उन्हाने तहानलेली चिमणी असेल. त्यांना बोलता येत नाही, तुम्हांला येते.

शब्दार्थ

आजोळ – आईच्या आईवडिलांचे घर
बिऱ्हाड – राहण्याची जागा, घरसंसार
मोतद्दार – घोड्याची निगा राखणारा नोकर, सईस
चिटोरा – कागदाचा लहान तुकडा
रोजनिशी – दररोजच्या घटना लिहून ठेवण्याची वही
डोणी – जनावरांना पाणी पिण्यासाठी केलेले दगडी पात्र

स्वाध्याय

१. ॲना घोड्यावर बसायला कोठे शिकली? तेथे तिला कोणती गोष्ट समजली?
२. मानेच्या पट्ट्यामुळे घोड्याला कोणता त्रास होत असे?
३. ॲनाने गाडीवानांना पूर्ण दोष का दिला नाही? तुमच्या शब्दांत लिहा.
४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : माथी मारणे, दिवस पालटणे, पदरी असणे.
५. तुमच्या गल्लीतील एखाद्या प्राण्याने स्वतःची कहाणी सांगितली, तर ती कशी असेल? दहा ओळींत लिहा.