रोह्यातला गेम सर्व्हर पेणच्या मित्राला सापडत नाही? मग जॉन पोस्टेलची गोष्ट वाचाच

समजा, रोह्यातल्या एका घरात दोन पोरांनी जुन्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालू केलाय. परीक्षा संपलीय, सुट्टी लागलीय, रात्रीचे दहा वाजलेत. घरातल्या घरात गेम झकास चालतोय. पण पेणला बसलेला मित्र जोडायला गेला की त्याच्या स्क्रीनवर एकच ओळ येते, कनेक्शन टाइम्ड आउट.

रोहा आणि पेण ही एकाच रेल्वेमार्गावरची गावं. मधे नागोठणं, कासू अशी मोजकी स्टेशनं. एवढ्याशा अंतरात गेम अडतो कुठे?

ही भानगड सोडवायची तर आयपी ॲड्रेस, पोर्ट, टीसीपी की यूडीपी, पिंग, डोमेन नेम असं सगळं तपासावं लागतं. आणि यातली कुठलीही गोष्ट उकरून काढली की तळाशी एकच माणूस भेटतो. लांब पांढरी दाढी, पायात सँडल आणि हातात आकड्यांची यादी. त्याचं नाव जॉन पोस्टेल.

जॉनचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीनाचा. तो व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये शिकला. विशेष म्हणजे पुढे इंटरनेट घडवणारे व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे दोघंही याच शाळेचे. तिघं खऱ्या अर्थानं एकत्र आले ते मात्र लॉस एंजलिसच्या यूसीएलए या विद्यापीठात. तिथे प्राध्यापक लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत अर्पानेट नावाच्या नेटवर्कचं काम चालू होतं. आजच्या इंटरनेटचा हा पूर्वज.

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री याच प्रयोगशाळेतून पहिला संदेश निघाला. चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याला सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचं होतं. त्यानं एल हे अक्षर दाबलं, फोनवर पलीकडच्याला विचारलं, आलं का? आलं. मग ओ दाबलं. तेही आलं. पुढचं अक्षर दाबलं आणि पलीकडचा कॉम्प्युटर बंद पडला. तासाभरानं दुरुस्ती झाली आणि मग लॉगिन जमलं.

म्हणजे या नेटवर्कवरचं पहिलं कनेक्शनसुद्धा पहिल्या झटक्यात लागलं नव्हतं. पण ते दुरुस्त करायची पद्धत त्याच रात्री दिसली. समोरच्याला फोनवर घ्यायचं, एकेक पायरी जायचं आणि नेमकं कुठे तुटलं ते शोधायचं. रोह्याच्या पोरांनाही पहिलं काम हेच करायचंय. पेणच्या मित्राला फोन लावायचा आणि नक्की काय लिहून येतंय ते विचारायचं. कनेक्शन रिफ्यूज्ड असं येत असेल तर बहुतेक वेळा अर्थ असा की निरोप कॉम्प्युटरपर्यंत पोचला, पण तिथे त्या पोर्टवर सर्व्हर चालूच नाही. टाइम्ड आउट असं आलं, तर निरोप वाटेतच कुणीतरी गिळला. दोन्ही आजार वेगळे, औषधंही वेगळी.

तर मूळ मुद्दा जॉनचा.

नेटवर्क वाढायला लागलं तसा एक साधाच प्रश्न उभा राहिला. एका कॉम्प्युटरवर दहा कामं चालतात. बाहेरून आलेला निरोप त्यातल्या कुठल्या कामाचा, हे ओळखायचं कसं? त्यासाठी प्रत्येक कामाला आकडा द्यायचं ठरलं. पण प्रत्येक संस्थेनं आपल्या मनाचा आकडा धरला असता तर गोंधळच झाला असता. १९७२ मध्ये जॉननं एका टिपणातून सुचवलं की हे आकडे वाटायला कुणीतरी एकच माणूस नेमावा. आणि तो माणूस मीच असावा का, असा गमतीचा प्रश्नही त्यानं सोबत टाकला. कुणी हरकत घेतली नाही. त्या दिवसापासून यादी जॉनकडे आली, ती त्याच्या मरणापर्यंत त्याच्याकडेच राहिली.

त्या आकड्यांनाच आज आपण पोर्ट म्हणतो. पेणच्या भाषेत सांगायचं तर गणपतीची मूर्ती खोक्यात भरून रोह्याच्या एखाद्या सोसायटीत पाठवली, तर सोसायटीचा पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस आणि फ्लॅटचा नंबर म्हणजे पोर्ट. गेटवरचा वॉचमन म्हणजे घरातला वायफाय राउटर. खोक्यावर फ्लॅट नंबर असून भागत नाही. अमक्या नंबरचं खोकं आलं तर अमक्या दारात न्यायचं, हे वॉचमनला आधी सांगून ठेवावं लागतं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन हे सांगणं म्हणजेच पोर्ट फॉरवर्डिंग. ते केलं नसेल तर वॉचमन खोकं ठेवून घेत नाही आणि परत पाठवल्याचं कळवतही नाही. मित्राला दिसतं, टाइम्ड आउट.

इथे एक चूक हमखास होते. पोर्ट फॉरवर्ड करताना सर्व्हरच्या कॉम्प्युटरचा घरातला पत्ता द्यावा लागतो. पण राउटर हे पत्ते बदलत राहतो. काल शेवटी १० होता, आज १४ झाला, की निरोप भलत्याच दारात जातो. म्हणून राउटरमध्येच त्या कॉम्प्युटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवायचा. आणि विंडोजच्या फायरवॉलमध्येही गेमला परवानगी द्यायची, कारण फ्लॅटच्या दारालाही कडी असते.

जॉननं १९७४ मध्ये पीएचडी केली आणि १९७७ मध्ये तो मरीना डेल रे इथल्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये आला. त्याच वर्षी त्यानं एक टिपण लिहिलं. तेव्हा टीसीपी ही एकच मोठी व्यवस्था सगळं काम करत होती. पत्ता शोधायचा, वाट काढायची, हरवलेलं पुन्हा मागवायचं, सगळं तिच्याकडेच. जॉनचं म्हणणं पडलं की हे चुकतंय. वाट काढणारा थर वेगळा हवा आणि माल नीट पोचला का हे बघणारा थर वेगळा हवा. १९७८ मध्ये हे दोन थर वेगळे झाले आणि टीसीपी आणि आयपी अशी जोडी तयार झाली.

याचा गेमशी काय संबंध? संबंध मोठा आहे. थर वेगळे झाले म्हणून टीसीपीला शेजार मिळाला, यूडीपी. टीसीपी म्हणजे पोचपावतीचं रजिस्टर पत्र. काही हरवलं तर थांबून पुन्हा पाठवतं. यूडीपी म्हणजे रेडिओवरची क्रिकेट कॉमेंट्री. एक वाक्य हुकलं तर हुकलं, सामना पुढे चालू. बोलणं, व्हिडिओ कॉल, वेगवान गेम यांना दुसराच प्रकार मानवतो. यूडीपीचा दस्तऐवज जॉननं ऑगस्ट १९८० मध्ये लिहिला, अवघ्या तीन पानांचा.

आणि पोरं इथेच फसतात. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती टीसीपीवर २५५६५ हा पोर्ट वापरते. मोबाइलवर चालणारी बेडरॉक आवृत्ती यूडीपीवर १९१३२ वापरते. राउटरमध्ये नंबर बरोबर टाकला पण टीसीपीच्या जागी यूडीपी निवडलं, तर सर्व्हर असूनही नसल्यासारखा.

सप्टेंबर १९८१ मध्ये जॉनच्या संपादनाखाली तीन दस्तऐवज एकापाठोपाठ आले, आयपी, आयसीएमपी आणि टीसीपी यांचे. आजचं इंटरनेट याच पायावर उभं आहे. यातल्या आयसीएमपीचं काम म्हणजे नेटवर्कवरच्या अडचणी कळवणं. १९८३ च्या डिसेंबरमध्ये माइक म्यूस यानं त्याच आधारावर पिंग हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पण थर वेगळे आहेत, हे इथेही लक्षात ठेवायचं. पिंगला उत्तर आलं याचा अर्थ पत्त्यावर कुणीतरी आहे एवढाच. गेमचा पोर्ट उघडा आहे असा त्याचा अर्थ होत नाही. उलट पिंगला उत्तर आलं नाही तरी गेम चालू शकतो, कारण बरेच राउटर पिंगला उत्तरच देत नाहीत.

नवी पद्धत लागू करायची तारीख ठरली १ जानेवारी १९८३. पण लोक जुनी सोडेनात. मग १९८२ मध्ये जुनी व्यवस्था एक दिवस बंद करून दाखवण्यात आली, नंतर दोन दिवस. आरडाओरडा झाला, पण संदेश पोचला.

याच काळात आकड्यांऐवजी नावं वापरायची गरज भासली. जॉननं हे काम पॉल मॉकापेट्रिस या सहकाऱ्यावर सोपवलं आणि १९८३ मध्ये डोमेन नेम सिस्टिम जन्माला आली. देशांची डोमेन कुणाकडे द्यायची याची यादीही जॉनच्याच टेबलावर. भारताचं डॉट इन १९८९ मध्ये नोंदवलं गेलं आणि ते सांभाळायला मिळालं मुंबईतल्या जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेला. म्हणजे या यादीची एक ओळ महाराष्ट्रातही येऊन पोचली होती.

पण एक गाठ मात्र राहून गेली. १९८१ च्या त्या दस्तऐवजात पत्त्यासाठी ३२ बिटांची जागा ठेवली होती. म्हणजे साधारण ४२९ कोटी पत्ते. तेव्हा ते अफाट वाटत होते. नव्वदीत कळलं की पुरणार नाहीत. मग घरोघरी, ऑफिसात पुन्हा पुन्हा वापरता येतील असे काही पत्ते राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारा जो पत्ता आज जवळपास प्रत्येक घरात दिसतो, तो त्यातलाच. तो घराबाहेर चालत नाही. रोह्याच्या पोरांनी मित्राला हाच पत्ता पाठवला असेल तर सगळा वेळ फुकट.

२०११ मध्ये तर जागतिक साठ्यातले शेवटचे पत्तेही वाटून संपले. मग इंटरनेट कंपन्यांनी शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता द्यायला सुरुवात केली. याला सीजीनॅट म्हणतात. इथे सोसायटीच्या वॉचमनच्या पुढे आणखी एक नाका असतो आणि त्या नाक्याची किल्ली आपल्याकडे नसते.

हे ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर वॅन आयपी बघायचा. मग गुगलवर माझा आयपी शोधायचा. दोन्ही आकडे जुळले तर ठीक. वेगळे आले आणि राउटरवरचा पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर सीजीनॅट आहे, कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग नाही. आकडा १९२.१६८ चा असेल तर बऱ्याचदा फायबरचा डबा आणि घरचा वेगळा राउटर असे दोन वॉचमन एकामागे एक उभे असतात. त्यातला एक ब्रिज मोडवर टाकला की काम होतं. सीजीनॅट असेल तर तीन वाटा उरतात. कंपनीकडे पब्लिक आयपी मागायचा, दोन्हीकडे आयपीव्ही६ असेल तर त्यावर खेळायचं, नाहीतर व्हीपीएन किंवा टनेलची सोय वापरायची.

आणि हे सगळं तपासताना चाचणी घरच्या वायफायवरून करायची नाही. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत. मोबाइल डेटा वापरायचा, नाहीतर पेणच्या मित्रालाच बघायला सांगायचं.

जॉनच्या हाती केवढी सत्ता होती, हे जगाला १९९८ मध्ये कळलं. डोमेन नावांवर आता पैसा उभा राहिला होता आणि ताबा कुणाचा यावरून अमेरिकन सरकार, कंपन्या आणि तंत्रज्ञ यांच्यात ओढाताण चालू होती. २८ जानेवारीला जॉननं रूट सर्व्हर चालवणाऱ्या आठ जणांना ईमेल केला. मूळ यादी आतापासून आपल्या संस्थेच्या सर्व्हरवरून घ्या, एवढीच विनंती. आठही जणांनी ऐकलं. त्यांच्यावर ऐकण्याची सक्ती नव्हती. पंचवीस-तीस वर्षं यादी चोख ठेवणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास होता, बस. वॉशिंग्टनमध्ये मात्र धावपळ उडाली. जॉननं ही चाचणी होती असं सांगितलं आणि काही दिवसांत सगळं पूर्ववत केलं.

एका माणसाच्या विश्वासावर चाललेला कारभार संस्थेकडे जायला हवा, हे जॉनलाही पटलेलं होतं. त्यासाठी सप्टेंबर १९९८ च्या अखेरीस आयकॅन ही संस्था स्थापन झाली. जॉन तिचा मुख्य तंत्रज्ञ होणार, अशी चिन्हं होती. पण १६ ऑक्टोबर १९९८ ला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर लॉस एंजलिसमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय अवघं ५५. दुसऱ्याच दिवशी व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख त्याच दस्तऐवजांच्या मालिकेत आला, जिचं संपादन जॉननं जवळपास तीस वर्षं केलं होतं. त्याचा क्रमांक २४६८.

जॉननं या यादीतून कंपनी काढली नाही, आकडे विकले नाहीत. मागेल त्याला नंबर दिला, वहीत नोंद केली आणि पुढच्याचं ऐकलं. कुठलाही कॉम्प्युटर कुठल्याही कॉम्प्युटरला सापडावा, एवढंच त्या नेटवर्कचं म्हणणं होतं. पत्ते संपले, नाके वाढले आणि आज त्यासाठी रोह्यातल्या पोरांना रात्र जागवावी लागते. पण वाट तीच आहे. आधी पत्ता, मग पोर्ट, मग प्रकार, मग दार, एकेक थर. आणि फोनवर पेणचा मित्र, प्रत्येक पायरीला आलं का, हे सांगायला.