हँडल आणि त्याचे गायक

नाताळात ‘हालेलूया’ हे समूहगीत कानी पडले म्हणजे आपल्याला हँडलची आठवण होते. पण हाच मनुष्य तीस वर्षे लंडनच्या रंगभूमीसाठी इटालियन संगीत नाटके, म्हणजे ऑपेरा, रचीत होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

जॉर्ज फ्रिडरिक हँडल याचा जन्म २३ फेब्रुवारी १६८५ रोजी जर्मनीतील हाले येथे झाला. मुलाने वकील व्हावे अशी वडिलांची इच्छा; मुलाचा ओढा संगीताकडे. हँबुर्ग व इटली येथे अनुभव घेऊन तो लंडनला आला आणि १७११ मध्ये त्याचा ‘रिनाल्डो’ गाजला.

त्या काळचे ऑपेरागायक मोठे मानी. गीताचा पहिला भाग अखेरीस पुन्हा येई, तेव्हा गायकाने तो स्वतःच्या ताना-मुरक्यांनी नटवावा अशी रीत होती. त्यामुळे गळा मिरवण्याचा मोह पडे. १७२३ च्या ‘ओत्तोने’तील एक गीत फार साधे म्हणून कुझ्झोनी या गायिकेने नाकारले, तेव्हा हँडलने तिला खिडकीबाहेर फेकण्याची धमकी दिली, असे सांगतात. अखेर ती गायली आणि त्याच गीताने तिचे नाव झाले.

१७४१ मध्ये हँडलचा शेवटचा ऑपेरा पडला. त्याच वर्षी त्याने २४ दिवसांत ‘मसीहा’ लिहिला. १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिन येथे तो प्रथम झाला. उत्पन्न कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेसाठी व दोन रुग्णालयांसाठी होते. ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे गीत सुझाना सिबर या नटीला दिले होते. तिचा आवाज लहान, शिवाय एका खटल्यामुळे नावाला बट्टा लागलेला. पण तिने शब्दांतील वेदना अशी प्रकट केली की श्रोते गहिवरले.

पुढे हँडलची दृष्टी गेली, तरी वादन थांबले नाही. १४ एप्रिल १७५९ रोजी तो निवर्तला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याची कबर आहे.

त्याचे ऑपेरा आज ध्वनिमुद्रिकांवर ऐकता येतात. ‘जूलियस सीझर’मधील नायकाची उंच पट्टीतील भूमिका १७२४ मध्ये सेनेसिनोने गायली होती. १९६७ च्या मुद्रणात ती नॉर्मन ट्रीगल यांनी खर्जातल्या पुरुषी आवाजात गायली. १९९१ च्या मुद्रणात जेनिफर लार्मोर या गायिकेने ती मूळ पट्टीत गायली. दोन्ही ऐकताना आम्ही एकच पाहतो: तान शब्दाचा अर्थ उजळते की झाकते? रविवारी गीत शिकवताना आपणही हेच पाहावे.