फ्लॉपीची एकच बाजू का चालायची? अ‍ॅलन शुगार्ट यांची भन्नाट गोष्ट

फाईल सेव्ह करताना आपण ज्या चौकोनी चिन्हावर क्लिक करतो, ती फ्लॉपी आहे. आता ती कुणी वापरत नाही. पण सदरमधल्या एखाद्या जुन्या वकिलाच्या किंवा सीएच्या ऑफिसातलं कपाट उघडलंत, तर सापडेलही. सापडलीच तर लेबल वाचा. 'एसएस' म्हणजे सिंगल साइडेड, 'डीएस' म्हणजे डबल साइडेड.

हा फरक समजून घ्यायचा तर अ‍ॅलन शुगार्ट यांची ओळख हवी.

जन्म १९३०, लॉस एंजेलिस. १९५१ मध्ये रेडलँड्स विद्यापीठाची पदवी मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी ते आयबीएममध्ये रुजू झाले. काम काय? ग्राहकांकडे जाऊन बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायची. पुढे ते सॅन होजेला डिस्कवर काम करणाऱ्या विभागात गेले आणि वर चढत गेले.

१९६७ च्या सुमारास आयबीएमला मोठ्या कॉम्प्युटरमध्ये सूचना भरण्यासाठी स्वस्त साधन हवं होतं. शुगार्ट यांनी हे काम डेव्हिड नोबल या इंजिनिअरकडे सोपवलं. त्यातून ८ इंची फ्लॉपी जन्मली. १९७१ मध्ये ती आली तेव्हा तिच्यात फक्त ८० किलोबाईट मावायचे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक गुड मॉर्निंग फोटोही बसणं कठीण!

गंमत म्हणजे तोवर शुगार्ट आयबीएममध्ये नव्हतेच. १९६९ मध्ये ते मेमोरेक्सला गेले होते. त्यांना सरसकट फ्लॉपीचा जनक म्हणतात, ते म्हणूनच थोडं खटकतं. मोठा वाटा नोबल आणि त्यांच्या टीमचा आहे.

१९७३ मध्ये त्यांनी 'शुगार्ट असोसिएट्स' काढली आणि पुढच्याच वर्षी स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं. १९७६ मध्ये या कंपनीनं सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह आणला आणि घरगुती कॉम्प्युटरचं जग बदललं. नाव शुगार्टचं, पण शुगार्ट तिथे नाहीत.

मग एक बाजू, दोन बाजू काय प्रकार?

त्या ड्राइव्हमध्ये वाचणारं-लिहिणारं हेड एकच होतं. चकतीच्या दुसऱ्या बाजूला नमद्याची छोटी गादी असायची, ती चकतीला हेडवर दाबून धरायची. म्हणजे दुसरी बाजू वाया. दोन्ही बाजू वापरायच्या तर दोन हेड हवीत, आणि ते महाग पडायचं. १९८१ चा आयबीएम पीसी एका बाजूवर १६० किलोबाईट ठेवायचा; पुढच्याच वर्षी दोन्ही बाजू वापरून ३२० झाले.

पण चुंबकीय थर बहुतेक सिंगल साइडेड फ्लॉपींवरही दोन्हीकडे असायचाच. कंपनी हमी मात्र एकाच बाजूची द्यायची. लोकांनी जुगाड शोधला. कव्हरच्या दुसऱ्या कडेला खाच कापायची आणि फ्लॉपी उलटी घालायची. अ‍ॅपल टूवाल्यांमध्ये हे सर्रास चालायचं. एका फ्लॉपीच्या पैशात दोन! धोका इतकाच, की त्या बाजूची तपासणी झालेलीच नसायची. डेटा गेला तर तक्रार कुणाकडे करणार?

या काळात शुगार्ट काय करत होते? मासेमारीची बोट आणि एक बार चालवत होते. १९७९ मध्ये फिनिस कॉनर यांच्यासोबत त्यांनी पुन्हा कंपनी काढली. तिला स्वतःचं नाव ठेवता आलं नाही, कारण ते नाव जुन्या कंपनीसोबत झेरॉक्सकडे गेलं होतं. नवं नाव ठरलं सीगेट. हो, तीच हार्डडिस्कवाली. १९८० मध्ये तिनं ५ मेगाबाईटची सव्वापाच इंची हार्डडिस्क आणली. १९९८ मध्ये संचालक मंडळानं त्यांना इथूनही काढलं.

राजकारण्यांवर त्यांचा भयंकर राग. १९९६ मध्ये त्यांनी आपल्या अर्नेस्ट नावाच्या कुत्र्याला अमेरिकी संसदेच्या निवडणुकीत उतरवण्याचा घाट घातला. मतपत्रिकेवर 'यापैकी कुणीही नाही' हा पर्याय यावा म्हणूनही ते झटले. २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तो फेटाळला. १२ डिसेंबर २००६ रोजी शुगार्ट यांचं निधन झालं. भारतात 'नोटा' आला तो २०१३ मध्ये.