होमी भाभा आणि तुमच्या हृदयाचा स्कॅन

'स्ट्रेस थॅलियम' सांगितली की ट्रॉम्बेतले माझे पेशंटही दचकतात: किरणोत्सारी औषध, तेही हृदयासाठी? शेजारीच भाभा अणुसंशोधन केंद्र असूनही!

डॉ. होमी भाभा जन्मले मुंबईत, १९०९ साली. इंजिनिअरिंग शिकायला केंब्रिजला गेले आणि भौतिकशास्त्रात रमले. त्यांच्या पुढाकाराने ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेत 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. तिच्यात वीज नव्हे, किरणोत्सारी समस्थानिके तयार होत. १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर आले. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभा माँ ब्लाँवरील विमान अपघातात गेले.

आता तुमचा स्कॅन. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते कोरोनरी धमन्यांतून. शिरेतून दिलेले औषध त्याच वाटेने स्नायूत पोचते. विश्रांतीत ठीक दिसणारा भाग श्रमानंतर फिका दिसला, तर तिथली धमनी अरुंद असण्याची शक्यता असते. औषधाची मात्रा थोडी असते. भीतीपोटी तपासणी टाळू नका. मात्र गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल किंवा दमा असेल, तर इंजेक्शनआधीच सांगा.