महालनोबिस आणि नागपूरची ती भेट

प्रतिनिधी, नागपूर

हुडकेश्वर-नरसाळा परिसर २०१३ मध्ये नागपूर महापालिकेच्या हद्दीत आला. शेतांचे ले-आउट झाले, घरे उभी राहिली आणि रस्ते, गटारे, जलवाहिन्यांची मागणी वाढत गेली. अशा प्रत्येक कामाची निविदा निघते, तेव्हा नागरिकांच्या मनात एकच प्रश्न असतो. काम घेणारा कंत्राटदार ते वेळेत आणि नीट पूर्ण करील काय? याचे उत्तर आकड्यांतून आधीच अजमावण्याचे शास्त्र आज उपलब्ध आहे. त्यात उपयोगी पडणाऱ्या एका मापाचा धागा नागपूरशी जुळतो. ते माप देणारे संख्याशास्त्रज्ञ म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिस.

महालनोबिस यांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कोलकात्यात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजनंतर ते केम्ब्रिजला गेले. १९१५ मध्ये भारतात परतताना महायुद्धामुळे प्रवास लांबला. या काळात ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे अंक त्यांच्या हाती आले. ते सोबत घेऊनच ते बोटीवर चढले. पुढे ते प्रेसिडेन्सीत पदार्थविज्ञान शिकवू लागले. मन मात्र संख्याशास्त्रात गुंतले होते.

१९२० मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. तेथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांच्याशी त्यांची भेट झाली. कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण करण्याचे काम अॅनंडेल यांनी त्यांच्यावर सोपविले. एक मानवसमूह दुसऱ्याच्या किती जवळचा, हे केवळ उंचीवरून ठरत नाही. अनेक मापे घ्यावी, तर ती परस्परांत गुंतलेली असतात. नुसत्या बेरजेत एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. हा गुंता लक्षात घेऊन दोन समूहांतील अंतर काढण्याची रीत त्यांनी शोधली. १९३६ मध्ये ती सविस्तर प्रसिद्ध झाली आणि पुढे ‘महालनोबिस अंतर’ म्हणून जगभर ओळखली गेली.

बांधकामाशी त्यांचा संबंध आला तो पुरांमुळे. १९२६ मध्ये ओरिसात ब्राह्मणी नदीला महापूर आला. नदीचे पात्र उंचावले आहे, सबब बांध वाढवावेत, असे अभियंत्यांचे मत होते. महालनोबिस यांनी सुमारे साठ वर्षांच्या पाऊस व पुरांच्या नोंदी तपासल्या. पात्र उंचावल्याचा पुरावा मिळाला नाही. पूर वरच्या खोऱ्यातील अतिवृष्टीमुळे आला होता. बांधांवरचा मोठा खर्च त्यामुळे टळला.

१९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९५० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी आणि १९५६ ची दुसरी पंचवार्षिक योजना यांवर त्यांचा ठसा उमटला. योजनेतील अवजड उद्योगांवरील भराबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली.

कंत्राटदारांच्या कामगिरीचा अभ्यास त्यांनी कधी केला नाही. तथापि १९३६ मध्येच इंग्लंडचे रोनाल्ड फिशर यांनी मांडलेली वर्गीकरणाची पद्धत या मापाशी नाते सांगणारी होती. तिच्या आधारे अमेरिकेत एडवर्ड ऑल्टमन यांनी १९६८ मध्ये दिवाळखोरीचा अंदाज बांधणारे सूत्र दिले. १९७९ मध्ये ब्रिटनमधील बांधकाम कंपन्यांसाठीही असे सूत्र तयार झाले. पूर्वीच्या कामांतील विलंब, खर्चवाढ, उलाढाल, यंत्रसामग्री, हाती असलेली कामे ही सारी मापे एकत्र घेतली की कंत्राटदार यशस्वी गटाच्या जवळचा की रखडणाऱ्या, हे अजमावता येते. मोठी उलाढाल असलेल्याकडे यंत्रेही बहुधा अधिक असतात. त्यामुळे येथेही दुहेरी मोजणी टाळावी लागते. केवळ सर्वांत कमी दर पाहून हे कळत नाही.

मात्र सूत्र कितीही नेमके असले, तरी मूळ नोंदी खऱ्या हव्यात. एकाच विषयाची माहिती दोन स्वतंत्र पथकांकडून गोळा करून ती ताडून पाहण्याचा आग्रह महालनोबिस यांनी धरला होता. रखडलेले काम कागदावर वेळेत पूर्ण झालेले दाखविले, तर पुढचा अंदाज चुकणारच. आणि त्याची किंमत अर्धवट रस्त्यावरून ये-जा करणाऱ्या नागरिकाला मोजावी लागते.

२८ जून १९७२ रोजी, ७९व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, महालनोबिस यांचे निधन झाले. २००७ पासून त्यांचा जन्मदिवस देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.